डब्बा चालूच होत नाही तेव्हा

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात सीपीयूला सगळे डब्बाच म्हणतात. बटण दाबूनही डब्बा मुकाच राहिला, तर आधी त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावा. लाइन आहे की नाही, ते कळते. मागची जाड केबल बहुतेक मॉनिटरसारखीच असते, ती अदलाबदल करून पाहा. एसएमपीएस, म्हणजे डब्ब्याला वीज पुरवणारी मागची पेटी, तिचा छोटा खटका रेघेकडे दाबलेला हवा.

तरीही नाही? केबल काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. कापूस वेचणीच्या दिवसांत आत तंतूंचा थर बसतो, तो मऊ ब्रशनं झाडा. उंदरानं वायर कुरतडली असेल तर लाइन देऊच नका.

आता बटणाकडे या, कारण इथंच लोक फसतात. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, बटणाच्या दोन पिना असतात, शेजारी बहुधा 'पीडब्ल्यूआर' लिहिलेलं असतं. त्यांवरचा प्लग काढा, केबल लावा आणि फक्त त्याच दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला, तर दोष बटणाचा. बारावीच्या एका पोरीचा डब्बा शहरातल्या दुकानात 'मदरबोर्ड गेला' म्हणून परत आला होता. या युक्तीनं तो माझ्या टेबलावर सुरू झाला. तिच्या बापानं नव्यासाठी तूर विकायला काढली होती, अजून आठवलं की जीव तुटतो.

पंखा हललाच नाही, तर ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस लावून पाहा. जुना मात्र उघडू नका. केबल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका शिल्लक असतो. नवा घेताना जुन्यावरचे वॅट वाचा, त्याहून कमीचा घेऊ नका.