गावात राहून स्वयमवरचा कोर्स पूर्ण कसा करावा

स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. त्यावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे, कोर्स शिकायला फुकट आहेत. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. सत्रं दोन, जुलै आणि जानेवारी. जुलैचं सत्र संपतं तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी अंगावर येते, म्हणून शेतीच्या घरात जानेवारीचंच बरं. पहिल्यांदा 12 आठवड्यांचा कोर्स घेऊच नका, 4 किंवा 8 आठवड्यांचा घ्या.

नाव नोंदवताना ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

खरी अडचण नेट आणि लाइनची. दिवसा टॉवर दम तोडत असेल, तर पहाटे आठवड्याचे सगळे व्हिडिओ 240p या कमी दर्जावर उतरवून ठेवा. फळा वाचता येतो, डेटाही कमी जातो. दर आठवड्याची असाइनमेंट, म्हणजे सोडवायचे प्रश्न, शेवटच्या रात्रीवर ठेवली आणि लाइन गेली, तर मुदत वाढत नाही. 12 आठवड्यांच्या कोर्सात उत्तम 8 असाइनमेंट धरतात, म्हणजे चार हुकल्या तरी चालतं. एकूण गुणांत असाइनमेंटना 25 टक्के, परीक्षेला 75. दोन्हींत वेगवेगळे किमान 40 टक्के हवेत.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. केंद्र नागपूर-अमरावतीला असेल, तर तिकडे जाणारी पहिली एसटी कधी सुटते, ते आधीच विचारा.

इंग्रजी जड वाटलं तर सबटायटल लावा.