लिस्बनला खायला-प्यायला जाताय? मग या चुका टाळा

लिस्बनहून आलेल्या आपल्या लोकांकडून बऱ्याचदा ऐकायला मिळतं की तिथे सगळं महाग, जेवण बेचव, आणि शाकाहाऱ्यांचे तर हालच. मला हे अजिबात पटत नाही. साधं, ताजं, पोटभर जेवण लिस्बनमध्ये आजही मिळतं, फक्त कुठे बसायचं, किती वाजता जायचं आणि आधी काय विचारायचं एवढं सांभाळलं पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपारी फिरण्याच्या नादात सँडविचवर भागवायचं आणि रात्री बायशा भागात, रुआ ऑगस्टाच्या आसपास, फोटोवालं मेनूकार्ड हातात घेऊन बोलावणाऱ्या माणसाच्या मागे जाऊन बसायचं. तिथला नोकरदार माणूस दुपारी नीट जेवतो, साडेबारा ते अडीच-तीनच्या दरम्यान, आणि त्याच्यासाठीच गल्लीबोळातल्या तास्का म्हणजे छोट्या घरगुती खानावळी 'प्रातो दो दिया', दिवसाची डिश, बनवतात. कागदी टेबलक्लॉथ, कोपऱ्यात चालू टीव्ही, दाराच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद आणि आत सगळे पोर्तुगीज बोलणारे दिसले की बिनधास्त बसा. पुष्कळ ठिकाणी सूप, मेन डिश, ड्रिंक आणि कॉफी असं सगळं एकाच किमतीत असतं, रात्री तेवढ्यात एक डिशसुद्धा येईल की नाही शंका. चार वाजता भूक लागली तर मात्र किचन बंद सापडतं, आणि रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी सुरू होत नाही. रविवारी बऱ्याच तास्का बंदच असतात.

बसल्या बसल्या वेटर ब्रेड, बटर, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतो. याला कूव्हेर म्हणतात आणि हे फुकट नसतं! आपण गप्पा मारत ऑलिव्ह संपवतो आणि मग बिल बघून भांडतो. नको असेल तर हात न लावता लगेच परत न्यायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही, आणि न मागवलेल्या, न खाल्लेल्या कूव्हेरचे पैसे लावता येत नाहीत असा तिथला कायदाच आहे. पाण्याचंही तसंच, नळाचं पाणी पिण्यालायक आहे पण नुसतं पाणी म्हटलं की विकतची बाटली येते. आणि मेनूवर 'मेया दोझ' म्हणजे हाफ प्लेट दिसली तर तीच मागवा, फुल प्लेट बऱ्याचदा दोघांना पुरते.

माशांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कोकणातले आणि गोव्यातले लोक इथेच आशेने जातात. बाकालयाव हा पोर्तुगालचा लाडका मासा खरा, पण तो खारवून सुकवलेला कॉड, नॉर्वे-आइसलँडकडून येणारा. तो जरूर खा, बारीक बटाट्याच्या काड्या, कांदा आणि अंडं घातलेला 'बाकालयाव आ ब्राश' तर खाच, पण ताजं काही हवं असेल तर भाजलेला मासा मागा. सार्डिन, आपल्या तारलीच्या कुळातली, खायची तर जून ते सप्टेंबरमध्ये, तेव्हा तिच्यात चरबी भरलेली असते. १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियुच्या सणाला आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शेगड्या पेटतात, जाड मीठ लावलेली अख्खी सार्डिन ब्रेडच्या स्लाइसवर ठेवून देतात, खाता खाता तिचं तेल ब्रेडमध्ये उतरतं आणि शेवटी तो ब्रेड खायचा, माझ्या मते तोच खरा घास. हिवाळ्यात कुणी सार्डिन आग्रहाने खिलवत असेल तर ती बहुतेक फ्रोझन असणार. कोळंबी, खेकडे, काही ठिकाणी मासेसुद्धा किलोच्या भावाने असतात, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी वजन करून किती होतील ते विचारा, नाहीतर बिल बघून धक्का बसतो.

शाकाहाऱ्यांनो, नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका. काल्दू व्हेर्द हे हिरवं सूप बघायला पालेभाजीचं, पण त्यात चोरीसचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो. कॅफेच्या काचेत दिसणारे समोसे, तिकडे शामुसा, गोव्याशी आणि मोझांबिकशी नातं सांगणारे, बघून जीव हरखतो पण आत बहुतेक वेळा खिमा किंवा चिकन असतं. 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको, हे दोन्ही सांगा, वर हॅम आणि ट्यूनाही नको हे वेगळं सांगा. फरसबी पिठात बुडवून तळलेली 'पैशिन्युश द ओर्ता' मिळाली तर सोडू नका. अगदीच वरण-भाताची आठवण आली तर मार्तीं मोनीझच्या भागात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी हॉटेलं आहेत.

पाश्तेल द नाता हा छोटा गोड कस्टर्ड टार्ट अंड्याच्या पिवळ्या बलकाचा असतो, अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. लिस्बनच्या बेलें भागातल्या, १८३७ पासूनच्या नाताच्या दुकानाबाहेरची लांब रांग बघून परत फिरू नका, पार्सलची रांग वेगळी असते आणि आत बसायला भरपूर जागा आहे. वर दालचिनी भुरभुरवून गरमच खा. सोबत 'काफे' म्हटलं तर छोटी कडक एस्प्रेसो येते, दुधाची हवी तर 'गालांव' म्हणा. काउंटरला उभं राहून प्यायलं तर बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या टेबलापेक्षा स्वस्त पडतं.

रात्री फादू, म्हणजे तिथली पारंपरिक दर्दभरी गाणी, ऐकत जेवायचं असेल तर मिनिमम किती खर्च करावा लागेल ते आधी विचारा, आणि गाणं चालू असताना बोलू नका, तिथे ते फार मनाला लावून घेतात.

छोट्या तास्कात आपलं कार्ड कधी कधी चालत नाही. कॅश काढताना मल्टिबांको लिहिलेलं बँकेचं एटीएम शोधा, आणि मशीनने रुपयात की युरोत विचारलं तर युरोच निवडा. एवढं करूनही बिलात न मागवलेलं काही घुसवलं तर आवाज न चढवता 'लिव्रू द रेक्लामासोंइश' मागा, ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलात ठेवणं बंधनकारक आहे, आणि बऱ्याचदा वही नुसती मागितली तरी बिल दुरुस्त होऊन येतं.