लेंड्यांवरून कळते सशाची तब्येत

सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या बघा. बारीक, कोरड्या किंवा फारच कमी असतील तर पोट मंदावलंय. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर उद्यावर ढकलू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. ससा दुखणं लपवतो. अंग चोरून कोपऱ्यात बसला आणि दात करकर वाजवू लागला, म्हणजे वेदना खरंच असह्य झालेली असते.

परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, सशाला मात्र ३० अंशांनाच त्रास सुरू होतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवूच नका. धाप, तापलेले कान, तोंडातून लाळ दिसली की सावलीत घ्या, कान साध्या पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेही जीव जाऊ शकतो.