बालपणावरून घरगुती विनोदी मालिका लिहिताना

स्वतःच्या बालपणावर विनोदी मालिका लिहायची असेल, तर आठवणींवर विसंबण्याआधी पुरावे गोळा करावेत. अमेरिकी लेखक-निर्माते अॅडम गोल्डबर्ग यांनी लहानपणी व्हिडिओ कॅमेऱ्याने घरच्यांचे चित्रण करून ठेवले होते, आणि २०१३ ते २०२३ या काळात अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर चाललेल्या, त्यांच्याच बालपणावर बेतलेल्या ‘द गोल्डबर्ग्ज’ या विनोदी मालिकेच्या कित्येक भागांच्या शेवटी त्याच चित्रफितींचे तुकडे दिसतात. म्हणून आधी जुन्या चित्रफिती, वह्या आणि पत्रे बाहेर काढावीत.

मग सालाचा प्रश्न येतो. गोल्डबर्ग यांनी तो ‘एकोणीसशे ऐंशी आणि काहीतरी’ असे सांगून सोडवला, त्यामुळे दशकाच्या दोन्ही टोकांचे चित्रपट आणि खेळणी एकाच घरात सुखाने नांदतात. ही सवलत खुशाल घ्यावी. आठवणी काही तारीखवार लागत नाहीत.

पात्रे बदलायला कचरू नये. प्रत्यक्षातल्या एरिक या भावाची मालिकेत एरिका ही बहीण झाली, आणि भावंडांच्या भांडणांना त्यामुळे नवा रंग चढला. आईला मात्र सौम्य करू नये. भडक नक्षीचे स्वेटर घालणारी आणि मुलांच्या प्रत्येक गोष्टीत मायेने नाक खुपसणारी बेव्हर्ली जरा शहाणी केली असती, तर माझ्या मते मालिकाच उरली नसती.

मोठ्या झालेल्या मुलाचा निवेदनाचा आवाज वापरायचा असल्यास, पडद्यावर दिसते तेच त्याने पुन्हा सांगू नये; त्या वयात जे कळले नव्हते, तेवढेच सांगावे.