ऑनलाइन तासाला वर्गाचा फील आणायचाय? मग हे करून बघा

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, आठवड्यातले काही तास ऑनलाइनच असतात. सुरुवातीला मीपण पीपीटी लावून एकटाच बडबडायचो, "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये धडाधड येस सर येस सर, आणि नंतर वह्यांचे फोटो मागवले तर निम्म्यांच्या वहीत नुसती तारीख! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की वर्गात आपलं अर्धं काम फळ्यापाशी होतच नाही, ते बाकांच्या मधून चक्कर मारताना होतं. ती चक्कर ऑनलाइन कशी मारायची ते सांगतो.

माझं लाडकं टूल म्हणजे साधं गूगल स्लाइड्स. एक फाइल करा, पहिल्या स्लाइडवर गणित टाका, खाली जितकी मुलं तितक्या कोऱ्या स्लाइड, प्रत्येकीवर रोल नंबर. शेअर करताना लिंक असलेल्या सगळ्यांना एडिटर करा. मुलं गणित वहीतच सोडवतात, मोबाइलवरच्या स्लाइड्स अ‍ॅपमधून फोटो काढून आपापल्या स्लाइडवर चिकटवतात. तुम्ही लॅपटॉपवर ग्रिड व्ह्यू लावून बसा, सगळ्या वह्या एकदम समोर. 14 नंबरने रोध समांतर जोडणीत सरळ बेरीज करून टाकलेत, 22 अजून कोराच, हे दिसतं ना, मग नाव घेऊन विचारायचं, "काय रे, पेन हरवलं का?" पहिल्याच आठवड्यात एका महाभागाने दुसऱ्याच्या स्लाइडवर मिशा काढल्या आणि चार स्लाइड उडवल्या, पण फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथून सगळं परत आणता येतं, त्यामुळे घाबरू नका. खरं सांगू, मिशा बघून मला बरंच वाटलं, वर्ग जिवंत आहे म्हणायचा.

आता फळा. पेन टॅबलेट घ्यायची घाई नको. दोन सारख्या उंचीचे डबे, त्यांच्यावर आडवी स्टीलची पट्टी, पट्टीवर मोबाइल, स्क्रीन वर आणि मागचा कॅमेरा खालच्या कोऱ्या कागदाकडे. मोबाइलवरून तासाच्याच झूम मीटिंगमध्ये दुसऱ्यांदा जॉइन व्हा, नाव "फळा" ठेवा आणि ऑडिओ अजिबात जोडू नका, नाहीतर लॅपटॉप आणि फोन एकमेकांवर असे किंचाळतात की विचारू नका. मग "फळा"ला स्पॉटलाइट करा, म्हणजे सगळ्यांना तोच मोठा दिसेल. दिवा डाव्या बाजूला ठेवा (डावखुरे असाल तर उजवीकडे), म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. लिहायला काळं स्केचपेन, बॉलपेन नको, फिकट दिसतं.

ऑनलाइन फळ्याच्या वेबसाइटही ढिगाने आहेत पण सगळं काम तिथेच ठेवू नका, गूगलचा जॅमबोर्ड कित्येक शिक्षक वापरायचे, 2024 संपताना गूगलने तो बंदच केला. फळा कुठलाही असो, तास संपला की पीडीएफ काढून गूगल क्लासरूममध्ये टाका.

शेजारी बसणारा मित्र हवाच. झूममध्ये ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या) करा, नावं बदलून "बाक 1", "बाक 2" अशी ठेवा, रूम मुलांनाच निवडू द्या पण महिनाभर तोच बाक असं ठरवून टाका, दर वेळी नवीन चेहरा आला की मुलं गप्प बसतात. एका बाकावर तिघं, वेळ सहा-सात मिनिटं, काम एकच. तुम्ही या रूममधून त्या रूममध्ये डोकावत राहा. फुकटच्या झूमवर मीटिंग 40 मिनिटांत बंद होते म्हणून लोक कुरकुरतात, पण तासाची बेल तशीही तेवढ्यातच होते की.

प्रॅक्टिकलसाठी फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवरच प्रयोग करायचं टूल, कोलोरॅडो विद्यापीठाचं, फुकट, मराठीतपण आहे, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं. सर्किटवाल्यात बॅटरी शॉर्ट केली की आग लागते, ती लावू द्या, प्रत्येक जण लावतोच. मग अ‍ॅमीटर जोडायला सांगा. अर्थात खऱ्या वायरचा हात याने बसत नाही, त्यासाठी लॅबमध्येच बोलवावं लागतं.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. एका खोलीत पाच माणसं असतात, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, हजेरी स्लाइडवरून कळतेच.

शेवटचं म्हणजे स्टाफरूम. गूगल मीटची एक कायमची लिंक देऊन ठेवा आणि तासानंतर वीस मिनिटं तिथे नुसते बसा, वह्या तपासा, चहा प्या. तासाला तोंड न उघडणारी मुलं तिथे येतात, कधी डाउट नसतोच, जर्नल कधी द्यायचं एवढंच विचारायचं असतं आणि मग हळूच खरी अडचण बाहेर पडते. तिथलं रेकॉर्डिंग मात्र चुकूनही करू नका.