बियाण्याची सरकी वाळवताना ऊन किती?

कपाशीच्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं घरी राखायचं, तर जिनिंगहून, म्हणजे रुई वेगळी करणाऱ्या गिरणीतून, आलेली सरकी ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावी. प्रमाणित बियाण्याला साध्या पिशवीत जास्तीत जास्त १० टक्के आणि हवाबंद पाकिटात ६ टक्के ओलावा चालतो.

सरकी खरी वाळते ती कोरड्या हवेने. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांवर तापली की आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते आणि सरकीतलं पाणी निघू लागतं. रात्री हवा पुन्हा २५ अंशांवर उतरली की उलटा खेळ सुरू होतो: आधी लव दमट होते, मग टरफल, शेवटी मगज. दिवसाची मेहनत अशी वाया जाते, म्हणून ऊन कलताच सरकी सावलीत घ्या आणि निवल्यावर गोळा करून झाका.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर द्या, अर्ध्या तासाने हलवत राहा. मे महिन्यात विदर्भातली सिमेंटची फरशी ५० अंशांच्या वर तापते; तिथे भर दुपारी पसरलेल्या सरकीचा अंकुर मरतो, वरून मात्र काहीच कळत नाही. थरात थर्मामीटर खोचा, ४० अंश दिसले की सावली करा. यंत्राने वाळवताना १२ टक्क्यांहून ओल्या सरकीला ३५ अंशांची हवा द्या, पुढे ४० पुरे.

घाईने तापवलं तर टरफल सुकतं, मगज ओलाच राहतो आणि ओलावा मोजणारा मीटर फसवं कमी दाखवतो. अर्धा दिवस सावलीत ठेवून पुन्हा मोजा. सुरुवातीचा ओलावा माहीत असेल तर वजनकाटाही चालतो: १२ टक्क्यांची १० किलो सरकी ८ टक्क्यांवर आली की ९ किलो ५६५ ग्रॅम भरते. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो; नुसता दबला तर अजून एक दिवस द्या.

गरम सरकी कधीच भरू नका. आतली वाफ गोणीच्या थंड बाजूला जाऊन पाणी होते आणि तिथेच बुरशी धरते. गोणी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. साठवणीत ओलावा १ टक्का किंवा तापमान ५ अंश कमी केलं की बियाण्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं; गोदाम थंड करणं परवडत नाही, ओलावा उतरवणं परवडतं. पावसाळी दमट दिवशी गोदामाची खिडकी बंदच ठेवा.