दिव्यांग मुलांना खेळात घालताय? आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही), व्हीलचेअरवर असतो, उजव्या हाताची दोन बोटं नीट चालतात. पोहणं आणि बोचिया असे दोन खेळ चालू आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी खेळाची थेरपी करून टाकली होती. फिजिओ आठवड्यातून तीनदा असतोच, तरी बॉल हातात घेतला की माझं सुरू, मनगट सरळ ठेव, बोटं उघड, अजून दहा वेळा कर. एक दिवस त्याने बॉल मांडीवर ठेवला आणि मान फिरवून घेतली. तेव्हापासून खेळाच्या अर्ध्या तासात मी व्यायामाचा शब्दही काढत नाही. हरला तर हरू दे, चिडला तर चिडू दे, इतर मुलंपण चिडतातच की.

बोचिया बऱ्याच जणांना माहीत नसतो. एक पांढरा बॉल, ६ लाल, ६ निळे, ज्याचे बॉल पांढऱ्याच्या जास्त जवळ त्याला पॉइंट. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. हात उचलतच नसेल तर उतारावरून बॉल सोडायची नियमातच सोय आहे. लगेच महागडा सेट घेऊ नका. बॉल साधारण २७५ ग्रॅमचा असतो, तेवढे मूग किचनच्या काट्यावर मोजून जुन्या मोज्यात भरले आणि तोंड शिवलं. उतारासाठी बाथरूमच्या ड्रेनेजचा चार इंची पीव्हीसी पाईप प्लंबरकडून उभा चिरून घेतला, कडा पॉलिश पेपरने घासल्या. शिवलेला बॉल थोडा अडखळतो पण सुरुवातीला चालतं.

इथेच पुढची चूक होते, पाईप आपणच वळवतो आणि नेम आपणच धरतो. खऱ्या मॅचमध्ये उतार धरणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं असतं, वळून बघायचं नाही. मी घरीपण तसंच करते. तो "डावीकडे" म्हणाला की डावीकडे, भिंतीवर आपटणार असं वाटलं तरी तिकडेच.

पोहण्यात आमची चूक म्हणजे सकाळची बॅच. पाणी गार, त्यात याचे पाय काठीसारखे ताठ व्हायचे आणि कोचला वाटायचं पोरगं घाबरलंय. दुपारची बॅच घेतली, सुरुवातीला १५ मिनिटंच, फरक पडला. मिळालं तर ३२-३३ डिग्रीचं पाणी उत्तम. बाळांच्या गळ्यातली फुगवायची रिंग तर अजिबात नको, २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) खास दिव्यांग बाळांसाठीच धोक्याचा इशारा दिला होता. फिट्स येत असतील तर एक मोठा माणूस पाण्यात हाताच्या अंतरावर हवाच, काठावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही.

डॉक्टरांना न विचारता सुरू करणं ही पण चूकच. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय कोलांटउडी, सूर मारणं नको. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर बॉल डोक्याने मारायचा का ते आधी विचारा. स्पायना बिफिडात (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) पायाला संवेदना कमी असते, टँकच्या खरखरीत फरशीवर पाय सोलवटले तरी मुलाला कळत नाही, त्यामुळे पाण्यात मोजे घाला आणि बाहेर आल्यावर तळवे बघा.

शाळेतला अनुभव कडू आहे. आमच्याकडे पीटीच्या तासाला याला स्कोअर लिहायला बसवायचे आणि मी वर्षभर गप्प बसले, ती माझी चूक. नुसतं "त्याला घ्या" म्हणून उपयोग होत नाही, नेमकं सांगा, आठवड्यात एक तास सगळ्या वर्गाने जमिनीवर बसून थ्रोबॉल खेळायचा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधलं कलम ३० खेळाबद्दलच आहे, पत्रात लिहा.

आणि मेडलची घाई नको. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड मिळवून दिलं, अभिमान आहेच, पण ते आधीपासूनच सैन्यातले बॉक्सर होते, सहा वर्षांच्या पोराला रोज त्यांचं नाव सांगून पाण्यात ढकलू नका. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स आहे, तिथेसुद्धा स्पर्धेसाठी वय ८ पूर्ण लागतं.

मूल दोन-तीन आठवड्यांनी अचानक "नको" म्हणायला लागलं तर आळस समजू नका. स्प्लिंट (हातापायाला बांधायचा आधार) घासतोय का, शू लागलीय पण सांगता येत नाहीये का, शिट्टीचा आवाज सहन होत नाहीये का, एकेक बघत जा. आमच्याकडे शेवटी व्हीलचेअरचा पट्टा निघाला, काखेत रुतत होता.